सागाची तुळई आणि संजानचा मधुमती



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, ते इतिहासाच्या तासाला आधी भिंतीवर नकाशा टांगायचे. राजांची नावं मागाहून. तोच क्रम आज मी पाळतो. समोर नकाशा आहे असं समजा. मधोमध अरबी समुद्र. डावीकडे इराणच्या आखातात शिरा: सिराफ, बसरा, तिथून नदीनं वर गेलं की बगदाद. उजवीकडे आपला किनारा, खालून वर: चौल, ठाणे, कल्याण, सोपारा, संजान. नैर्ऋत्येचा पाऊस ओसरला की अरब गलबतं इकडे यायची आणि वारा फिरायच्या आत परतायची. हा नकाशा डोळ्यांसमोरून हलू देऊ नका, कारण आजच्या विषयात खैबर खिंड नाही, दिल्ली नाही आणि घोडदळही जवळजवळ नाही.

विषय आहे इस्लामी कला आणि वास्तूचा आरंभकाळ. इस्लामी वास्तू म्हटल्यावर आपल्याला काय आठवतं? ताजमहाल. विजापूरचा गोलघुमट. ताज सतराव्या शतकातला, गोलघुमट १६५६ सालचा. म्हणजे इस्लामच्या उदयानंतर हजारएक वर्षांनी उभ्या राहिलेल्या इमारतींवरून आपण आरंभाची कल्पना करतो. कल्याणची काळी मशीद घ्या. शेनाळे तलावाजवळची, काळ्या दगडाची, साधी आणि देखणी. तुमच्यापैकी निम्मे लोक तिच्यावरून रोज जात असतील. जवळच औरंगजेबाचा कल्याणचा फौजदार मातबरखान याची कबर आहे. कल्याणकरांना ही मशीद फार जुनी वाटते. तीही सतराव्या शतकातलीच. आजच्या विषयाच्या मानानं ती कालची.

मी बोलणार आहे ते साधारण सातव्या शतकापासून दहाव्या-अकराव्या शतकापर्यंतच्या काळाबद्दल. माझं म्हणणं एवढंच आहे की ही कला पुरती तयार होऊन आपल्याकडे उतरली नाही. ती घडत होती तेव्हाच आपला किनारा तिच्या घडणीत सामील होता. लाकूड देणारा म्हणून, मशिदीला जागा देणारा म्हणून आणि मडकी विकत घेणारा म्हणून.

लाकडाकडे यायच्या आधी पहिला प्रश्न. सातव्या शतकात अरबांकडे वास्तुकला होती का? होती, पण साम्राज्याला शोभेल अशी नव्हती. मदिनेतली पैगंबरांची मशीद कशी होती? कच्च्या विटांच्या भिंती, खजुराच्या बुंध्यांचे खांब आणि वर झावळ्यांचं छप्पर. कोकणातल्या माणसाला ते छप्पर समजावून सांगायला नको. मग काही दशकांतच सीरिया, इजिप्त, इराण हाताशी आले. तिथे हजार वर्षांच्या परंपरेचे गवंडी, सुतार, जडावकार बसलेले होते. नव्या सत्ताधीशांनी त्यांनाच कामाला लावलं. इ.स. ६९१-९२ मध्ये खलीफा अब्द अल-मलिक यानं जेरुसलेमला खडकावरचा घुमट बांधला. ती मशीद नव्हे, एका पवित्र खडकावरची स्मारकवास्तू आहे. आखणी अष्टकोनी, बायझंटाइन चर्चच्या वळणाची. भिंतींवर रंगीत काचतुकड्यांची जडणी, तीही बायझंटाइन पद्धतीची. नक्षीत इराणच्या सासानी राजांचे पंख लावलेले मुकुट, कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटांचे रत्नहार. सगळं उसनं! मग नवं काय? नवं हे, की या साऱ्या वैभवात एकही माणूस नाही, प्राणी नाही. आणि त्या नक्षीच्या वरून धावतो तो सुमारे २४० मीटर लांबीचा अरबी लेख. आतापर्यंत भिंतीवर देवाचं किंवा राजाचं चित्र असायचं, तिथे अक्षर येऊन बसलं. पुढच्या हजार वर्षांच्या इस्लामी सुलेखनाची ही मोठी सुरुवात.

इथे एक गैरसमज वाटेतच बाजूला करतो. ‘इस्लाममध्ये चित्र नाही’ असं आपण सर्रास म्हणतो. मशिदीत नाही, हे खरं. पण जॉर्डनच्या ओसाड प्रदेशात कुसैर अम्रा नावाचं आठव्या शतकातलं छोटं विश्रामगृह आहे, हमामखान्यासकट. त्याच्या भिंतींवर शिकार आहे, स्नान करणाऱ्या स्त्रिया आहेत, राजांची रांग आहे. समाराच्या राजवाड्यात नर्तकींची चित्रं सापडली. देवाचं घर आणि राजाचं घर यांचे नियम वेगळे होते. आपल्याकडेही ते कधी एक होते का?

आता लाकूड.

इराक आणि अरबस्तानात झाड कोणतं? खजूर. खजुराचा बुंधा तंतूमय, त्याची लांब आणि भरवशाची तुळई निघत नाही. वाळवी लवकर लागते. चार-पाचशे माणसं एका छपराखाली उभी करायची, दोन खांबांत ऐसपैस अंतर ठेवायचं, तर सरळ, लांब, टिकाऊ लाकूड हवं. ते त्या मुलखात उगवतच नव्हतं. ते कुठे उगवत होतं हे शहापूर-मुरबाडकडून आलेल्या मंडळींना मी सांगायची गरज नाही. सागाच्या लाकडात तेल असतं, वाळवी त्याच्या वाटेला जात नाही, पाण्यानं ते सहसा वेडंवाकडं होत नाही. समुद्रापलीकडे लाकूड पाठवण्याची या किनाऱ्याची सवय इस्लामच्या आधीची. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो की भडोचहून इराणच्या आखाताकडे जाणाऱ्या मोठ्या जहाजांत तांबं, चंदन आणि सागाच्या तुळया असत. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा ग्रीक व्यापारी पश्चिम भारतातल्या मोठ्या बंदरांची यादी देतो. त्यात कल्याण आहे, आणि कल्याणचा माल म्हणून तो तांबं, शिसवीसारखं लाकूड आणि कापड सांगतो. कॉस्मसनंतर सुमारे शंभर वर्षांनी मदिनेत काय घडलं पाहा.

इ.स. ६४९-५० च्या सुमारास तिसरे खलीफा उस्मान यांनी पैगंबरांची ती मशीद नव्यानं बांधली. भिंती कोरीव दगडाच्या आणि चुन्याच्या. खांब कोरीव दगडाचे. आणि छत? सागाचं. हे मी पदरचं सांगत नाही, हदीसच्या सर्वांत मान्यताप्राप्त संग्रहात, बुखारीत, त्याची नोंद आहे. काही वर्षांनी बसऱ्याच्या मशिदीवरही सागाचं छत चढलं. म्हणजे झावळी गेली आणि साग आला. इस्लामच्या दुसऱ्या सर्वांत पवित्र मशिदीचं पहिलं मजबूत छप्पर ज्या झाडाचं होतं, त्या झाडाची रानं सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना होती आणि आहेत.

त्यापुढची दोनशे वर्षं हा साग सगळीकडे भेटतो. नवव्या शतकात अब्बासी खलीफांनी बगदादच्या वर तैग्रिसच्या काठी समारा ही राजधानी वसवली, ८३६ साली. ती घाईत उभारलेली, मैलोगणती पसरलेली होती. भिंती मातीच्या आणि वर जिप्समचा गिलावा. त्या गिलाव्यात कारागिरांनी एक नवी कोरणी काढली. पृष्ठभाग खोल कापायचा नाही, सुरी तिरपी धरून उतार द्यायचा, म्हणजे पान कुठे संपलं आणि मागची जागा कुठे सुरू झाली हे कळतच नाही. फक्त वळणं उरतात. इस्लामी नक्षीला जे अमूर्त रूप आलं, त्यातला हा मोठा टप्पा. ही तिरपी कोरणी त्यांनी गिलाव्यावर केली आणि लाकडावरही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात या शैलीच्या दरवाजाची एक जोडी आहे, आठव्या-नवव्या शतकातली, इराकची. लाकूड साग. ट्युनिशियातल्या कैरवानच्या मोठ्या मशिदीत जगातलं सर्वांत जुनं टिकून राहिलेलं मिंबर आहे. मिंबर म्हणजे शुक्रवारचं प्रवचन देण्याचं पायऱ्यांचं आसन. नवव्या शतकाच्या मध्यातलं, तीनशेहून अधिक कोरीव फळ्यांचं. तेही सागाचं. आपल्या समुद्राकडून निघालेला साग आफ्रिकेच्या उत्तर टोकापर्यंत गेला आणि साडेअकराशे वर्षांनी आजही तिथे उभा आहे. आपल्या वाड्यांचे खांब मात्र आपण पुनर्विकासात वखारीला वजनावर विकतो!

आणखी एक आठवण करून देतो. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराची पहिली जहाजं बांधायला घेतली ती याच खाडीत. इथेच का? खाडी सुरक्षित होती हे आहेच. पण मागे रान होतं.

दुसरा मुद्दा. लाकूड गेलं, ते कोण घेऊन गेलं? आणि ती माणसं इथे असताना नमाज कुठे पढत होती?

अरब आणि ठाणे यांची पहिली गाठ पडली ती भांडणाची. नवव्या शतकातला इतिहासकार बलाजुरी सांगतो की इ.स. ६३६ च्या सुमारास बहरैन-ओमानचा सुभेदार उस्मान सकफी यानं ठाण्यावर आरमार धाडलं. खलीफा उमर खूश व्हायच्या ऐवजी संतापले, आपल्याला न विचारता माणसं समुद्रात लोटली म्हणून. त्यानंतर इथल्या गोष्टीत तलवार फार काळ मागे पडते आणि तराजू पुढे येतो. मान्यखेटचे राष्ट्रकूट सम्राट अरबांना ‘बल्हारा’ म्हणून ठाऊक होते. ८५१ सालचं सुलेमान व्यापाऱ्याच्या नावानं प्रसिद्ध असलेलं वृत्त जगातल्या चार थोर राजांत खलीफा, चीनचा सम्राट आणि रोमचा बादशहा यांच्या पंक्तीला बल्हाराला बसवतं आणि अरबांवर त्याच्याइतका लोभ करणारा राजा दुसरा नाही असं सांगतं.

९१६ साली अल-मसूदी चौलला आला. बगदादचा हा मोठा प्रवासी-इतिहासकार. चौलला तो सैमूर म्हणतो. तिथे त्याला दहा हजार मुसलमान राहताना दिसले. सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, आणि इथेच जन्मलेले. त्यांच्यातलाच एक प्रमुख राजा नेमत असे आणि तो त्यांचे तंटे सोडवत असे. स्थानिक राजाचं नाव मसूदी देतो ते आपल्या उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या झंझाशी जुळतं. हा झंझ कोण? शिलाहारांच्या ताम्रपटांत त्याची ओळख आहे ती बारा शिवमंदिरं बांधणारा म्हणून. बारा शिवालयं बांधणाऱ्या राजाच्या बंदरात दहा हजार मुसलमान नांदत होते. दहाव्या शतकातले इस्तखरी आणि इब्न हौकल हे भूगोलकार तर स्पष्टच सांगतात की बल्हाराच्या राज्यातल्या या शहरांत जुम्मा मशिदी आहेत आणि तिथे उघडपणे नमाज होतो.

आता संजान. आपण संजान ओळखतो ते पारशी बांधवांमुळे. गुजरातच्या हद्दीतलं, पालघर जिल्ह्याला लागून असलेलं गाव. आणि चिंचणी, तारापूरजवळची. २०१४ पर्यंत ती आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. चिंचणीला जे ताम्रपट सापडले त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा. राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या कारकिर्दीतला. संस्कृतातल्या या दानपत्रात संजान मंडळाच्या अधिकाऱ्याचं नाव आहे मधुमती. जात ताजिक, म्हणजे अरब. मूळ नाव मुहंमद. त्याला सुगतिप असंही म्हणत. हा मुलूख त्याला दुसऱ्या कृष्णाकडून मिळाला होता आणि आसपासची बंदरं त्यानं राजाच्या वतीनं ताब्यात आणली होती. त्यानं केलं काय? दोन नद्यांवर फुकट होडी चालू केली. अन्नछत्र काढलं, तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप वाढलं जाई. आणि एका ब्राह्मणानं भगवतीची मठिका (छोटा मठ) बांधली होती, तिच्या दुरुस्तीसाठी, नैवेद्यासाठी राजाच्या संमतीनं गाव नि जमीन दान दिली.

मुसलमान सुभेदार, राष्ट्रकूट सम्राट, ब्राह्मणाची मठिका, देवी भगवती, संस्कृत लेख. हे आपल्या किनाऱ्यावर घडलं. हे आपल्या शाळेच्या पुस्तकात का नाही? मला ‘सहिष्णुता’ हा शब्द इथे वापरायचा नाही. तो फार गुळगुळीत झाला आहे. मधुमतीला बंदर चालवायचं होतं. बंदराला जकात हवी, जकातीला व्यापारी हवे, व्यापाऱ्याला होडी हवी, आणि गावातल्या वजनदार लोकांचं देऊळ सुस्थितीत हवं. हिशेब होता, आणि हिशेबातून आलेली ही सोय पिढ्यान्‌पिढ्या टिकली. १०३४ च्या चिंचणीच्याच शिलाहारकालीन पटात संजानच्या प्रतिष्ठित नागरिकांत अल्लिया, महर, मधुमत अशी नावं भेटतात. शंभर वर्षांनंतरही!

मग त्या मशिदी कुठे आहेत? एकही उरली नाही. चार महिन्यांचा कोकणचा पाऊस लाकडी छताला काय करतो हे आपण जाणतो. बंदरं गाळानं भरली, वस्ती हलली. १५३४ मध्ये वसई आणि हा किनारा पोर्तुगीजांकडे गेला, त्यांच्या अमलात देवळं पडली तशा मशिदीही पडल्या. पण त्या दिसत कशा होत्या याचा अंदाज बांधता येतो, त्यासाठी कच्छला जावं लागतं. तिथे भद्रेश्वरला व्यापारी मुसलमानांच्या वास्तू उभ्या आहेत. त्यांतला इब्राहिमचा दर्गा ११५९-६० सालचा, भारतातल्या सर्वांत जुन्या उभ्या इस्लामी वास्तूंपैकी एक. दिल्लीच्या कुतुबमिनाराच्या आधीचा. तिथे कमानी शोधू नका. खांबांवर तुळई, तुळईवर सपाट पाट, जिथे घुमट आहे तिथे दगडाचे थर पुढे पुढे सरकवत तोंड मिटवलेलं, अगदी आपल्या देवळाच्या मंडपासारखं. खांबांवर देवळाचीच कोरणी, फक्त मूर्ती नाहीत. गवंडी सोळंकी परंपरेतले होते. त्यांनी मूर्ती वगळली आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. जेरुसलेमच्या बायझंटाइन जडावकारानं साडेचारशे वर्षांपूर्वी केलं होतं तेच! ठाण्याच्या नि सोपाऱ्याच्या मशिदी बांधणाऱ्यांचे हातही इथलेच असणार. ज्या काळात त्या मशिदी उभ्या होत्या, त्याच काळात, १०६० साली, शेजारी अंबरनाथचं शिवमंदिर पुरं झालं. तसले पाथरवट आणि सुतार ज्या मुलखात होते तिथे कुणी बाहेरून गवंडी कशाला आणील?

सोमनाथचा १२६४ चा लेख यावर शिक्कामोर्तब करतो. होर्मुझचा जहाजमालक नूरुद्दीन फिरोज यानं सोमनाथ पाटणला मशीद बांधली. जमीन मिळवून दिली छाडा नावाच्या स्थानिक मानकऱ्यानं. दानपत्र दोन भाषांत, अरबीत आणि संस्कृतात. संस्कृत लेखात परमेश्वर विश्वनाथ आहे. वर्ष सांगताना हिजरी, विक्रम, वलभी आणि सिंह अशा चारही गणना दिल्या आहेत.

मी एकच बाजू सांगतोय असं कुणाला वाटत असेल, तर ते योग्य आहे, आणि दुसरी बाजू मी लपवणार नाही. १३१८ साली देवगिरीला कुत्बुद्दीन मुबारक खिलजीनं जुम्मा मशीद उभारली. १०६ खांबांची. ते खांब देवळांतून आणलेले आहेत. ती विजेत्याची मशीद. त्याच सुमाराला ठाण्यातही मुसलमान सत्ता होती. तिथे १३२१ मध्ये चार ख्रिस्ती धर्मोपदेशक मारले गेले. हे घडलं. ते सांगायलाच हवं. पण देवगिरीच्या मशिदीआधी चारशे वर्षं या किनाऱ्यावर व्यापाऱ्यांच्या मशिदी होत्या, त्या कुणाचं देऊळ पाडून नव्हे, राजाच्या परवानगीनं उभ्या राहिल्या होत्या, हेही घडलं. एक सांगून दुसरं गाळणाऱ्याला, मग तो कोणत्याही बाजूचा असो, इतिहास सांगायचा अधिकार नाही असं माझं मत आहे.

तिसरा आणि शेवटचा मुद्दा, खापरांचा. हा मी थोडक्यात सांगतो, पण तुमच्या हातात असलेला मुद्दा हाच आहे. साग तिकडे गेला, मग तिकडून काय आलं? घोडे आले, खजूर आला, आणि भांडी आली. दक्षिण इराकमध्ये मोठाले रांजण घडवले जात, बाहेरून निळसर-हिरव्या जाड झिलईचे. तेल, खजुराचा पाक असल्या मालासाठी ते वापरत. त्यांचे तुकडे आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून चीनपर्यंत सापडतात. आणि बसऱ्याच्या कुंभारांनी एक धाडस केलं. चीनची पांढरीशुभ्र भांडी पाहून त्यांना तसली करायची होती. पण तसली माती त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी पिवळट मातीवर कथलाची पांढरी झिलई चढवली आणि तिच्यावर कोबाल्टच्या निळ्या रंगानं नक्षी काढली. पुढे धातूसारखी झळाळणारी रंगतही त्यांनी शोधली. चीनची जगप्रसिद्ध निळी-पांढरी भांडी मोठ्या प्रमाणावर बनू लागली ती चौदाव्या शतकात. बसरा नवव्या शतकात तिथे पोचलं होतं.

संजानला २००२ ते २००४ मध्ये उत्खनन झालं तेव्हा हीच निळसर-हिरवी झिलईची खापरं, पश्चिम आशियाई काच आणि चिनी भांड्यांचे तुकडे निघाले. चौललाही अशी खापरं सापडली आहेत. मशिदी गेल्या, लाकूड गेलं, पण खापर कुजत नाही. आरंभीच्या इस्लामी कलेचा जो अस्सल नमुना आपल्या जमिनीत अजून आहे, तो हा.

म्हणून एक विनंती, आणि मग मी बसतो. जुन्या कल्याणात, ठाण्यात, खाडीकाठी आज वाडे पाडून पायलिंग चालू आहे. डंपर भरून माती भरावाला जाते आहे. तुमच्या इमारतीचा पाया खोदताना निळसर-हिरव्या काचेसारख्या झिलईचं जाड खापर दिसलं, तर ते धुऊन-पुसून शोकेसमध्ये ठेवू नका आणि फेकूही नका. कुठे, किती खोलीवर सापडलं ते कागदावर लिहा, जागेचा फोटो काढा, आणि तुकड्यासकट राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला, मुंबई विद्यापीठाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. पायलिंगचं यंत्र जागेवर यायच्या आत कळवा, म्हणजे कुणाला येऊन पाहता तरी येईल.